माझ्या रेघेच्या पुढे

अहो, तुमचं फ्लायव्हील भोसरीहून आलं. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी घरात बसायला जागा नव्हती इतकी माणसं, आणि टेम्पोवाला दारात उभा राहून विचारतोय, "वसंतभाऊ हायेत का? बॅलन्सिंगला दिल्याला माल आणलाय." मग मीच उठले. गोणपाटात बांधलेलं ते लोखंड दोन्ही हातांनी उचललं आणि वर्कशॉपमध्ये लेथशेजारी नेऊन ठेवलं. मागून चुलतसासूबाई म्हणाल्या, "आगं, आज तरी ऱ्हाऊ दे." मी राहू दिलं नाही. तीन दिवस लोक माझा हात धरून बसले होते, त्यापेक्षा त्या गोणपाटाचं वजन बरं वाटलं.

उघडलं मात्र जलदानविधी झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर. आणि उघडल्यापासून मी तुमच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणोत. पंधरासोळा वर्षं एका लेथवर काम केलेल्या बाईला तुम्ही असं बनवलंत, तर ती चिडणारच. रडायचं तेव्हा रडलेच आहे, अजूनही मधेच येतं, चहाला आधण ठेवताना दोन कप पाणी पडलं की येतं. पण चिडलेलीही आहे, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही.

कोणी हे वाचलंच तर त्याला कळावं म्हणून थोडं मागचं सांगते. तुम्ही कंटाळाल, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तरी ऐका.

ती गाडी आपल्या दारात आली तेव्हा गावच्या, कळंबच्या पोरांनी तिला नाव ठेवलं, 'अर्धी गाडी'. दोनच सीटा, वर छत नाही, अंग फायबरचं, आणि इतकी बसकी की तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं. पुणे-नाशिक रस्त्यावर बंद पडली म्हणून पुण्याचे एक डॉक्टर आपल्याकडे ठेवून गेले आणि पुढे परदेशी जाताना तुमच्याच गळ्यात घालून गेले. तुम्ही म्हणालात, स्वस्तात मिळाली. मी म्हटलं, फुकट मिळाली असती तरी महागच होती. चिंचेखाली ती उभी राहिली आणि तुम्ही जेवता जेवता तिच्याकडे बघायला लागलात. तेव्हाच मला कळलं की आता आपलं काही खरं नाही.

तुमचं वेड जुनंच होतं, गाडी फक्त नवी होती. घरात कधी बैल नव्हता, पण बैलगाड्याच्या शर्यतींना तुमच्याशिवाय पान हलत नसे. इथून तिथून गाडामालक यायचे, आस आणि बेअरिंग तुमच्याकडून करून घ्यायला. तुम्ही आसाचं लोखंड कमी करत जायचात, मालक लाकडाला हात लावू देत नसत म्हणून त्यांच्याशी वाद घालायचात. "गाडा हलका करा, बैल आपसूक पळत्यात." शर्यतीच्या घाटात बारी, म्हणजे गाड्याची एकेक धाव, लागली, भंडारा उधळला, की तुम्ही बैलांकडे बघत नसायचात, चाकांकडे बघायचात. एकदा परत येताना म्हणालात, "बारी पंधरा सेकंदात सपती, सुमन. आपल्याला लांब बारी पायजे. डिंभ्याच्या धरणापुढं चढ लागतो तिथून निघायचं ते थेट डोंगरावर आहुप्याला."

मी विचारलं, "कशाची बारी? आपल्याकडं काय हाय?"

तेव्हा काही नव्हतं. मग ती अर्धी गाडी आली.

इंजिनाच्या पाठीमागे एक जाड लोखंडी ताट असतं, ते फ्लायव्हील. इंजिन झटक्या-झटक्यानं फिरतं, आणि दोन झटक्यांच्या मधे त्याला फिरतं ठेवायचं काम या ताटाचं. जड असेल तर इंजिन शांतपणे चालतं, पण उठायला आळस करतं. हलकं केलं की पायाखाली उसळतं, आणि पाय काढला की तसंच मरतं. तुम्ही ठरवलंत की ते हलकं करायचं. कोणाला विचारलंत? गाड्याच्या आसाला विचारलंत.

गाड्याला वजन कुठूनही काढलं तरी बैलांना सारखंच. म्हणून तुम्ही मधलंच काढलंत, कारण मधे ड्रिल मारायला सोपं. गोल भोकं पाडलीत, बोराएवढी, एका ओळीत, दिसायला सुंदर. मग मला सोबत घेऊन मंचरच्या मार्केट यार्डात गेलात आणि कांद्याच्या काट्यावर ते ताट ठेवलंत. हमाल गोळा झाले. एकानं विचारलं, "वसंतभाऊ, ह्यो कांदा कुठल्या वाणाचा?" तुम्ही छाती काढून सांगितलंत, "हळवा. वजनाला हलका." काट्यानं तुमची बाजू घेतली, वजन खरंच उतरलं होतं. येताना तुम्ही मला बसस्टँडवर भेळ खाऊ घातलीत.

बसवलं, आणि गाडीला काही पत्ताच नाही. पहिल्यासारखीच उठायची, पहिल्यासारखीच बसायची. तुम्ही आठ दिवस लेथशी बोलत होतात, माझ्याशी नाही.

शेवटी मला राहवलं नाही. मी माळ्यावरून माहेरची गोफण काढली. ज्वारी निसवली की आम्ही बहिणी माचाणावर उभ्या राहून पाखरं हाकायचो, ती गोफण. अंगणात तुम्हाला उभं केलं आणि विचारलं, "तुमी कधी गोफण फिरवली का?"

"न्हाई. आमचं रान कुठं व्हतं?"

मग मी दाखवलं. दोरी आखूड धरून दगड फिरवला, तो चिंचेपर्यंतही गेला नाही. तोच दगड लांब दोरीनं सोडला, तो थेट ओढ्यापलीकडे. आणि लांब दोरीवर फिरवताना खांद्याला किती ओढ बसते तेही तुम्हाला हातात देऊन दाखवलं. तुम्ही गोफण फिरवत राहिलात, मग एकदम थांबलात.

"म्हंजी वजन कडंला खातंय."

"मला काय ठावं. पाखरं उठायची येवढं ठावं."

"मदलं काढून काय उपेग न्हाई. कडंचं काढाय पायजे."

तुमचा चेहरा तेव्हा असा काही उजळला की मला वाटलं, उगाच बोलले. आणि उगाचच बोलले होते, कारण तिथून पुढे आपलं भांडण सुरू झालं ते काही अजून संपलं नाही.

फुकट घालवलेलं ताट मोडीत गेलं, तुम्ही दुसरं मिळवलंत. दात्यांची रिंग सोडून मागची कड घासायची, एवढं दोघांनाही मान्य. पण किती? तुम्ही निळा रंग लावलात आणि सुईनं रेघ ओढलीत. मी बघितली आणि म्हटलं, येवढं घासलं तर गाडी स्पीडब्रेकरला मरंल, चढावर थांबली तर उठायची न्हाई. तुम्ही म्हणालात, थांबायचं कशाला? मी म्हटलं, तुमी थांबणार न्हाई, समोरून येस्टी आली तर ती थांबंल का? मग मी तुमच्या हातातून सुई घेतली आणि तुमच्या रेघेच्या अलीकडे माझी रेघ ओढली. करंगळीच्या नखाएवढं अंतर होतं दोन्ही रेघांत. त्या नखाएवढ्या जागेवरून आपण अख्खा उन्हाळा भांडलो. जेवताना भांडलो. माझ्या भाच्याच्या लग्नात, मांडवात, पंगतीत बसून भांडलो, वाढपी वरण घेऊन उभा आणि तुम्ही पत्रावळीवर बोटानं रेघा ओढताय.

एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही नुसते हट्टी होतात. नव्वद सालच्या सुमाराला आपण लेथ घेतला, तेव्हा मी फक्त कापणाऱ्या टूलवर पाणी सोडायला उभी राहायचे. कट कसा घ्यायचा ते तुम्ही शिकवलंत, टूलला धार कशी लावायची ते शिकवलंत. मोटारीचा शाफ्ट घेऊन कोणी आलं आणि "मिस्त्री कुठायत?" म्हणालं, की तुम्ही खाटेवरून न उठता सांगायचात, "त्या काय हुब्या हायेत." काही जण शाफ्ट घेऊन परत जायचे. जाऊ द्यायचात. मला वाईट वाटायचं, तुम्हाला कधी वाटलेलं दिसलं नाही. पुढे त्यातलेच परत आले आणि माझंच नाव घेऊन आले. हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. बोलायला वेळ भांडणातच जायचा.

तर शेवटी तुम्ही नमलात. मला तसं वाटलं. मी मंचरला दवाखान्यात गेले होते, आले तर तुम्ही हात धूत होतात, काळा चुरा मनगटापर्यंत, आणि ताट गोणपाटात बांधून तयार. मी म्हटलं, दाखवा की. तुम्ही म्हणालात, "तुझ्या रेघंवर थांबलोय. टेम्पो निघालाय भोसरीला, तोल साधून, बॅलन्सिंग करून आलं की बघ." आणि माझ्याकडे न बघता सुतळीला गाठ मारलीत. मला इतका आनंद झाला होता, की त्या घाईचा संशयच आला नाही. त्या रात्री मी पुरणपोळ्या केल्या. सण नव्हता, काही नव्हतं. तुम्ही पोळ्यांवर तूप घेत म्हणालात, "आज काय?" मी म्हटलं, काय नाय. चार पोळ्या खाल्ल्यात तुम्ही. आणि आठवडा व्हायच्या आत सकाळी लेथ सुरू करताना छातीवर हात ठेवून खाली बसलात.

मग ते गोणपाट मी सोडलं. रेघेवर थांबलेल्या माणसाच्या कामावर रेघेचा अर्धा व्रण राहतो, हे तुम्हीच मला शिकवलेलं. माझी रेघ कुठंच नव्हती. तुमची होती, निळ्या रंगात, स्वच्छ, आणि कड तिच्या नि माझ्या रेघेच्या बरोबर मधे. व्हर्निअरनं मोजून बघितलं, वाटलं चष्मा बदलला पाहिजे. चष्म्याचा दोष नव्हता. तुम्ही माझी रेघ खाऊन पुढे गेला होतात, स्वतःच्या रेघेपर्यंत जायचं धाडस झालं नव्हतं, आणि घरी खोटं सांगून पोळ्या खाल्ल्या होत्या. मी वर्कशॉपमध्ये एकटी, मोठ्यानं म्हणाले, "लबाड माणसा." तुम्हाला कधी अरेतुरे केलं नाही, त्या दिवशी केलं. मग तिथंच लेथला टेकून किती वेळ बसले कोण जाणे. उत्तर द्यायला कोणी नाही, हे मला विधीच्या दिवशी कळलं नव्हतं, ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दिलीप भाऊजी आले. तुमचा हा भाऊ मनाचा चांगला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बेल्ह्याच्या बाजाराला टेम्पोनं जनावरं नेता-आणता त्यांचा आवाजही तसाच झालाय, घरात बोलले तरी वाटतं म्हैस हाकतायत. "वैनी," म्हणाले, "मी काय म्हंतो, लेथ काढून टाकू. बाई माणसाला एकटीला कोण काम देणार? ह्या अर्ध्या गाडीला नारायणगावचा एक गिऱ्हाईक हाय, रविवारी बघाय येतोय. तुमी आमच्यात बेल्ह्याला ऱ्हावा. पोरं तुमच्या अंगाखांद्यावरची हायेत."

मी चहा दिला. मग विचारलं, "भाऊजी, रविवारच्या आदी एक दिस मोकळा हाय का?"

"कशाला?"

"ह्या गाडीत माझ्या शेजारी बसायचं. मी आहुप्यापर्यंत नेणार. तुमच्या हातात येकदाबी स्टिअरिंग दिलं न्हाई, तर लेथचा इषय पुन्हा काढायचा न्हाई. कुणीच. आन् दिलं, तर मी बेल्ह्याला येते, लेथ बी इका, गाडी बी इका."

भाऊजी हसले. तुमचा पिकअप चालवताना त्यांनी मला बघितलंय, पण पिकअप वेगळा. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. "तुमचं दोघांचं डोस्कं येकच हाय," म्हणाले. मला ते आवडलं.

ताट बसवायला दोन दिवस गेले. शेजारच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवायला आणि चढवायला हात दिला, बाकी बोल्ट माझे मी आवळले. एकदा मनात आलं, जुनं जड फ्लायव्हील आहेच, तेच परत लावावं. चढावर ते सांभाळून घेईल, भाऊजींना काय कळतंय. हातात घेतलंही होतं. पण मग ती बारी माझी झाली नसती, आणि तुमचीही नाही. जुनं ताट परत फळीवर ठेवलं.

सकाळी निघालो. तुम्हाला सांगते, तुमच्या अर्ध्या मापानं मला मंचरच्या चौकात रडवलं. पाय जरासा ढिला झाला की इंजिन गप. मागून ट्रक, पुढून उसाची ट्रॉली, आणि मी किल्ली फिरवतेय. भेळवाला ओळखीचा, तो ओरडला, "वैनी, ढकलू का?" भाऊजी खाली सरकून बसले, कोणी बघू नये म्हणून. घोडेगावच्या स्पीडब्रेकरला पुन्हा तेच. मी मोठ्यानं म्हणाले, "म्हणलं व्हतं का न्हाई?" भाऊजींना वाटलं त्यांना म्हणतेय. म्हणाले, "वैनी, मी काय बोललो?"

पण डिंभ्याचं धरण मागे पडलं आणि रस्ता चढायला लागला, तेव्हा मला कळलं की तुम्ही काय मागत होतात. वळण आलं, गिअर खाली घेतला, आणि इंजिन वाट बघत थांबलंच नाही. पाय टेकवायच्या आत वर आलं. पुढचं वळण, पुन्हा तसंच. पिकअपला मी आर्जवं करते, या गाडीला नुसतं सांगावं लागत होतं. उघड्या गाडीत वारा पदर ओढत होता, भाऊजी दोन्ही हातांनी दार धरून बसले होते, आणि मला हसू येत होतं. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. तुमचं बरोबर होतं हो. हे तुम्ही असताना मी मेले तरी बोलले नसते.

आणि मग येस्टी आली. अगदी मी म्हटलं होतं तशी, वळणावर, उतरत, रस्त्याच्या मधोमध. मी डावीकडे दाबून थांबले. गाडी चढावर उभी, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली पाणी चमकतंय. ड्रायव्हरनं आमच्याकडे बघून मान हलवली आणि निघून गेला. मी क्लच सोडला, इंजिन मेलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेलं, आणि गाडी हातभर मागे सरकली. भाऊजींनी हँडब्रेक धरला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू आला. "वैनी, पैज गेली खड्ड्यात. मी घेतो. ह्यात कमीपणा न्हाई."

खरं सांगते, किल्ली त्यांच्याकडे द्यावी असं वाटलं. बेल्ह्याचं घर डोळ्यांपुढे आलं, पोरं, अंगण, आयता चहा. आणि तुम्ही आठवलात, खाटेवरून न उठता, गिऱ्हाइकाला सांगताना.

"हँडब्रेक सोडू नका," मी म्हटलं. "मी सांगंन तवाच सोडा."

जड ताट असतं तर त्यानं मला ओढून नेलं असतं. हे नेणार नव्हतं, ह्याला मीच न्यायचं होतं. पाय आधी दाबला, इंजिन ओरडायला लागलं तरी दाबलेलाच ठेवला, आणि क्लच इतका सावकाश सोडला की कट घेताना टूल पुढे सरकवतो तितका. क्लच जळल्याचा वास आला. गाडीचं नाक जरासं उचललं. "सोडा," म्हणाले. भाऊजींनी सोडला. एक क्षण गाडी जागच्या जागी थरथरली, मागेही नाही, पुढेही नाही. मग चढली. त्यानंतर आहुप्यापर्यंत मी पाय काढला नाही.

देवराईच्या अलीकडे सावलीत गाडी उभी केली. खाली उतरले, दगडावर बसले आणि मोकळेपणानं रडले. भाऊजी लांब जाऊन तोंड धुऊन आले आणि मला पाणी दिलं. नारायणगावच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगतो, म्हणाले. लेथचं नावही काढलं नाही. उद्या एका मोटारीचा शाफ्ट यायचा आहे, तो मी घेणार आहे, आणि परवाचं कामही घेणार आहे.

निघताना भाऊजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "वैनी, ते इंजिनाचं चाक दादानं लईच हलकं केलं व्हतं का वो? तुमी नगं म्हणत व्हता तरी?"

तुमच्याबद्दल खरं सांगायची माझी फार इच्छा होती. तोंडापर्यंत आलं होतं.

"न्हाई," मी म्हटलं. "माझ्या रेघंवर थांबले व्हते."

"म्हंजी शेवटी पटलं व्हतं तुमचं दोघांचं."

"पटलं व्हतं," मी म्हणाले, आणि गाडी सुरू केली.